बिराजदार सरांचे झोळीवाले

बिराजदार सर गेले तेव्हा शाळेच्या मैदानावर शोकसभा झाली आणि शेवटी दोन मिनिटं शांतता पाळली गेली. मला हसू आलं. भवानी पेठेतल्या त्या मैदानावर सर असताना दोन मिनिटं शांतता कधी झालीच नव्हती. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण त्या नव्या होत्या. त्यांना सर कुठे ठाऊक!

सर आमच्याकडे पीटी शिकवायचे. मूळचे दुधनीचे, घरात कानडी. रागावले की कानडी बोलायचे, खूश झाले की कानडी बोलायचे, मराठी फक्त मधल्या वेळेपुरती. त्यांनी मैदानात ‘सावधान’ म्हटलं की माझ्या वर्गातली मुलं बाकावर ताठ व्हायची आणि मी शिकवत असलेली कविता अर्ध्यावर थांबायची. मागच्या गल्लीत यंत्रमाग धडधडत असतानासुद्धा त्यांचा आवाज पलीकडच्या चौकात पोचायचा. गप्प बसा म्हणायला त्यांचा शब्द होता ‘सुम्नीर!’ त्या एका शब्दाने पेठेतली झोपलेली तान्ही मुलं उठून रडायला लागायची, अशी तक्रार मी स्वतः ऐकलेली आहे.

पांढरा शर्ट, पांढरी पँट, खडू घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ते भाकरी मोडायला लागले की स्टाफरूममध्ये कोणाला फोनवर बोलता येत नसे. जगातली माणसं त्यांच्या लेखी दोनच जातींची, रांगेत उभी राहणारी आणि न राहणारी. एका लग्नात बुफेच्या रांगेत त्यांनी नवरदेवाच्या मामाला हातभर अंतर घ्यायला लावलं होतं. मामांनी निमूट घेतलं. पुढे कळलं की मामा त्यांचाच विद्यार्थी होता. सरांचा विद्यार्थी या जिल्ह्यात कुठे उगवेल याचा नेम नसायचा.

असा हा माणूस एका पक्ष्याच्या नादाला लागला, आणि तोही अशा पक्ष्याच्या, की ज्याला आवाजाचं वावडं.

झालं असं की शाळेची सहल उजनी धरणाच्या फुगवट्याला गेली होती. मुलांना रोहित पक्षी दाखवायचे होते. मराठीची शिक्षिका म्हणून निसर्गवर्णन माझ्याकडे, आणि शिस्त सरांकडे. रोहित लांब होते, मुलं वडापाव मागत होती, निसर्गाचं वर्णन कोणालाच नको होतं. एवढ्यात सरांनी माझी बाही ओढली.

“मॅडम, नोड्री! तिकडं बघा!”

पाण्यातल्या एका सपाट बेटाजवळ मोठाले राखट-पांढरे पक्षी पोहत होते. चांगले थोराड. चोचीखाली लोंबती झोळी, आणि मानेमागची पिसं अशी कुरळी विस्कटलेली, की आत्ताच अंथरुणातून उठून आलेत. अर्धगोल करून ते सावकाश पुढे सरकले, आणि सगळ्यांनी एकदम माना पाण्यात घातल्या. एकदम वर काढल्या. पुन्हा सरकले, पुन्हा एकदम खाली.

“एक-दोन कोण म्हणतंय त्यांना?” सरांनी विचारलं.

“कोणी नाही.”

“मग वाकतात कसे एका टायमाला?” सरांचा आवाज बसल्यासारखा झाला होता. “पोरं कमरेत एकदम वाकवायला माझा जन्म गेला मॅडम. एक तरी गडी उलट्या बाजूला वाकतोयच. आणि हे बघा. मास्तर न्हाई, शिट्टी न्हाई, काय न्हाई!”

मी त्यांना इतकं हळू बोलताना प्रथमच ऐकलं, म्हणून मुलांपेक्षा मीच घाबरले.

सोलापुरात आमच्या ओळखीचे डोळ्यांचे एक डॉक्टर आहेत, पक्ष्यांचे अभ्यासक. सर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसले, डोळ्याला काही झालेलं नसताना. डॉक्टरांनी सांगितलं की हा डाल्मेशियन झोळीवाला, म्हणजे पेलिकन. झोळीवाल्यांमध्ये सगळ्यात मोठा. दूर उत्तरेकडच्या थंड मुलखातून हिवाळ्यात येतो, बहुतेक गुजरातेकडे उतरतो, इकडे वाट वाकडी करून क्वचित. जगात आता थोडेच उरलेत. त्यांच्या पाणथळी माणसांनी आटवल्या, मासेमारांनी वैरी समजून हाकलले, टाकून दिलेल्या तंगुसात, मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्यात, पाय अडकून मेले, विजेच्या तारांवर आपटून मेले.

“मग करायचं काय?” सरांनी विचारलं.

“त्यांना फार काही लागत नाही हो,” डॉक्टर म्हणाले. “पाणी, मासे, आणि माणसांनी जरा लांब राहायचं. आपल्याला तेवढंच जमत नाही.”

झालं. दर रविवारी सर सकाळच्या गाडीने जेऊरला उतरायचे आणि तिथून वडापच्या जीपमध्ये लटकून फुगवट्यावर जायचे. अधूनमधून मलाही ओढून न्यायचे, कारण काठावर फलक लावायचा होता आणि मजकूर मराठीच्या मॅडमनी बघायला हवा होता. त्यांनी स्वतः रंगवलेला फलक होता, “सावधान! येथे विश्राम चालू आहे.” मी त्यात एक अक्षरही बदललं नाही. अजून तो तिथे आहे.

पांढरे कपडे पक्ष्यांना लांबून दिसतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून सर अंगाभोवती सोलापुरी चादर गुंडाळून बसायचे. विटकरी रंगाची, हिरव्या नक्षीची. ते जेऊर स्टेशनवरून दिसत असणार, असं मी म्हटलं. त्यांनी चादर उलटी करून पाहिली. पण सोलापुरी चादरच ती, दोन्ही बाजूंनी सारखीच.

तिथला नाववाला दत्तू. पर्यटकांना पक्षी दाखवायचा आणि सांगितलं तर उडवूनही दाखवायचा, कारण हौशी फोटोवाल्यांना उडतानाचे फोटो हवे असतात. एका रविवारी एक साहेब हाताएवढ्या लांब लेन्सचा कॅमेरा घेऊन नावेत बसले आणि दत्तूने इंजिन पेटवून नाव सरळ बेटावर घातली. सर काठावर चादर टाकून उभे राहिले.

“ए वाघमोडे!”

साहेब ताडकन उभे राहिले. वीजखात्यात इंजिनिअर होते, हाताखाली पुष्कळ माणसं होती, पण आधी ते सरांचे विद्यार्थी होते.

“कान धर!”

त्यांनी गळ्यात कॅमेरा लटकवलेल्या अवस्थेत कान धरले.

“ऊठ! बस! ऊठ! बस!”

नाव डावी-उजवीकडे कलंडायला लागली. दत्तू दोन्ही काठ धरून ओरडत होता, “आवो सायेब, बसा की! न्हाय, उटा! आवो पलटतीय की नाव!” मी काठावर पोट धरून हसत होते. मग बेटाकडे नजर गेली. बेट रिकामं होतं. ‘ए वाघमोडे’लाच सगळे उडाले होते.

दत्तू नाव काठाला लावून सरांपाशी आला. “मास्तर, राग मानू नगा. माज्या इंजिनाला बी ते येवडं बुजत न्हाईत, जेवडं तुमच्या आवाजाला बुजलं.”

सरांनी चादर उचलून झटकली आणि घडी घातली. परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर एक जण पाय वर घेऊन पसरला होता, त्यालाही सर काही म्हणाले नाहीत.

सोमवारी मैदानात सरांनी ‘सावधान’ म्हटलं ते मला वर्गात ऐकूच आलं नाही. खिडकीतून पाहिलं तर सर कुजबुजत होते. शेवटच्या रांगेतल्या मुलांना ऐकू येईना म्हणून ती पुढे सरकली, पुढची आणखी पुढे, आणि सगळी पलटण सरांभोवती घोळका करून उभी राहिली. पण मुलं टरकली. एरवी सर ओरडतात म्हणजे ठीक आहे, हे काहीतरी भलतंच दिसतंय, असं त्यांना वाटलं. त्या आठवड्यात एकाही मुलाने दंगा केला नाही. मुख्याध्यापकांनी सरांना केबिनमध्ये बोलावून हळुवारपणे विचारलं, “बिराजदार, घसा कोणाला दाखवलात का?” स्टाफरूममध्ये चेहरे पडले. कोणी ज्येष्ठमध आणला, कोणी मध, कोणी पिशवीभर मोसंबी. सरांनी सगळं मुकाट खाल्लं. मोसंबी संपल्यावर मला हळूच म्हणाले, “सराव चाललाय मॅडम. गळा एकदम सुटत न्हाई.”

पक्षी परत आले होते, पण काठावरच्या गावात कुरबूर सुरू झाली. मासेमार म्हणायला लागले की हे धटिंगण आमचे मासे फस्त करतात. देवळासमोर बैठक बसली. सरांनी आधी डॉक्टरांकडून शिकलेलं सांगून पाहिलं, की हे बहुतेक चिलापी मासा खातात, आणि चिलापीला या पाण्यात तोटा नाही. कोणाला पटेना.

एक म्हातारे मासेमार म्हणाले, “मास्तर, तुमी मासा खाता का?”

“न्हाई. आमच्या घरात अंडं सुद्दा शिवत न्हाईत.”

“मग तुमाला काय कळतंय त्यातलं?”

सगळे हसले. मला वाटलं, संपलं. पण सर मांडी बदलून बसले.

“बरोबर बोललात. मी खाल्ला न्हाई. माझ्या बापानं न्हाई, आज्ज्यानं न्हाई, पंज्यानं न्हाई. मग आमच्या अख्ख्या घराण्याच्या वाटणीचा मासा गेला कुटं? तुमीच खाल्ला की! कधी मागितला का आमी? आज मागतोय. माझ्या वाटणीचा मासा त्या पक्ष्यांना खाऊ द्या.”

 मग म्हातारबुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “द्या रं,” ते म्हणाले, “मास्तराचा वाटा हाय त्यो, देऊन टाका.”

“आन मॅडम, तुमचा वाटा?” दत्तूने मला विचारलं.

मला मरळ फार आवडतो. मी देवळाच्या कळसाकडे बघायला लागले.

“मॅडमचा वाटा धरू नका,” सर म्हणाले. “मॅडम स्वतःच खाऊन टाकतात.”

त्या दिवसापासून बेटाजवळ जाळी लागायची बंद झाली. काठावर पडलेला तंगूस सर रविवारी गोळा करायचे, पुढे गावातल्या बायकाही करायला लागल्या. झोळीवाल्यांनी मासे मारले की ‘बिराजदारांच्या वाटणीचा गेला’ असं म्हणायची पद्धत पडली. एकदा दत्तूने सरांच्या घरी फोन केला, तो सरांच्या बायकोने, वहिनींनी घेतला. “मास्तरांनी आज लई चिलापी खाल्ली,” तो आनंदाने म्हणाला. वहिनींनी सरांना स्वयंपाकघराच्या बाहेर काढलं. मी जाऊन साक्ष दिली तेव्हा कुठे त्यांना ताट मिळालं.

थंडी सरत आली होती. एका सकाळी दाट धुकं पडलं. फुगवट्याच्या चिंचोळ्या भागावरून शेतातल्या मोटारींकडे विजेच्या तारा गेल्या आहेत, त्यांवर एक झोळीवाला आपटला. दत्तूचा फोन आला तसे सर रजा टाकून निघाले, मीही गेले. चिखलात एक पंख उघडा टाकून तो पडला होता. जवळून पाहिल्यावर कळलं किती मोठा होता. सर खाली बसले आणि त्याच्या मानेमागची कुरळी पिसं बोटांनी सारखी करत राहिले. मग त्यांनी ती चादर काढली, त्याला तिच्यात गुंडाळलं आणि दत्तूने खणलेल्या खड्ड्यात ठेवलं. मला रडू आलं. दत्तूलाही आलं. सर रडले नाहीत, पण त्यांच्या बुटांना चिखल लागला होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

तिथून ते तडक वाघमोड्यांच्या ऑफिसात गेले. सरांना दारात पाहून इंजिनिअरसाहेबांचा हात सवयीने कानाकडे गेला.

“तसं काही न्हाई, बस,” सर म्हणाले. “त्यांना तारा दिसत न्हाईत रे. अंग जड, एकदम वळता येत न्हाई. आपल्या हेडमास्तरांना जसं. लांबूनच दिसंल असं काहीतरी लाव.”

वाघमोड्यांनी मनावर घेतलं. वरची मंजुरी आणली, माणसं चढवली, आणि पावसाळ्याआधी त्या तारांवर लाल-पिवळ्या चकत्या लोंबायला लागल्या. सर खालून हात डोळ्यांवर धरून बघत होते. “अंतर सारखं ठेवलंय,” ते समाधानाने म्हणाले. मग मात्र त्यांना काळजीने ग्रासलं. आपला एक गडी जिथे मेला तिथे हे पक्षी परत येतील का? दिवाळी झाली, थंडी पडली, आणि सर दर रविवारी जाऊन रिकामं बेट बघून येत होते. त्या वर्षी ते निवृत्त होणार होते. माणसं निवृत्तीनंतरच्या पैशांचं बोलतात, हे झोळीवाल्यांचं बोलायचे. “एकदा येऊन सुखानं राहून गेले तर बरं मॅडम. मग माझं काय न्हाई.”

आणि दत्तूचा फोन आला, “मास्तर, पाव्हणं आलं!”

गाव हरखून गेलं. वर्तमानपत्रात गावाचं नाव आलं होतं, माणसं दुरून दुर्बिणीने बघायला यायला लागली होती, चहाची टपरी चालायला लागली होती. गावाने ठरवलं की एकच मोठा कार्यक्रम करायचा, सरांचा निवृत्तीचा सत्कार आणि पाहुण्यांचं स्वागत. सरांना एवढंच सांगितलं की रविवारी या.

आम्ही जीपमधून उतरलो आणि सरांचा चेहरा उतरला. काठावर, बेटाच्या अगदी समोर, मांडव. कापडी फलकावर एका बाजूला सर आणि एका बाजूला झोळीवाला, दोघेही एकाच आकाराचे आणि एकाच दिशेला बघणारे. फटाक्यांची माळ पसरलेली. तालुक्याचे एक पुढारी फेटा बांधून बसलेले. आणि हलगीवाले शेकोटीवर हलग्या शेकून तयार. आमच्याकडे माया केली की ती वाजवून करतात, त्याला इलाज नाही.

सरांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. थांबा, थांबा! हलगीवाल्यांना वाटलं मास्तर इशारा देतायत. त्यांनी सुरू केलं.

पहिल्याच ठेक्याला बेट हललं. जड पंख पाण्यावर आपटत झोळीवाले उठले आणि कसेबसे हवेत चढून सरळ चिंचोळ्या भागाकडे निघाले, तारांकडे. सरांनी माझं मनगट धरलं. हलगी आपोआप बंद पडली होती. सगळा गाव तोंड उघडं टाकून बघत होता.

“वर,” सर पुटपुटत होते, “वर घे रे, वर, वर.”

पुढच्याने चकत्या पाहिल्या असाव्यात. तो कलला, वर चढला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. सगळ्यात मागचा तारेवरून जेमतेम गेला, त्याचे पाय लागले की काय असं वाटलं, पण गेला. मग ते माळापलीकडे दिसेनासे झाले.

दत्तू पुढे आला.  “चुकलं वो मास्तर. तुमच्यासाटनं केलं समदं. गेलं की वो पाव्हणं.”

मला वाटलं, आता वर्षभराचं दाबून ठेवलेलं बाहेर पडणार. पडायलाच हवं होतं, त्यांच्या जागी मी असते तर एकालाही सोडलं नसतं. सरांनी दत्तूच्या खांद्यावर हात ठेवला.

“बसा,” ते हळूच म्हणाले. “सगळ्यांनी बसा. बोलायचं न्हाई. आले माघारी तर हितंच येतील. न्हाई आले तर न्हाई आले.”

जवळच्यांनी ऐकलं आणि बसले. मागच्यांनी पुढच्यांना बसलेलं पाहिलं आणि बसले. पुढारीही खुर्चीवरून उतरून मातीत बसले. त्यांचा फोन वाजला तो त्यांनी स्वतःच बंद केला. चुलाणावर शिरा आणि आमटी गार होत होती, कोणी उठलं नाही. हलगीवाल्यांनी हलग्या मांडीवर पालथ्या घातल्या होत्या. सर सगळ्यांच्या पुढे, पाण्याशी, हात गुडघ्यांवर ठेवून रिकाम्या बेटाकडे बघत बसले होते. ऊन कललं तरी बेटावर काही नव्हतं.

मला परतीची गाडी गाठायची होती, घरी पेपर तपासायचे पडले होते. मी पाय न वाजवता उठले. सरांनी मागे न बघता मान हलवली. वडापची जीप माळावर उभी होती, तिथपर्यंत चढून गेले आणि मागे वळून पाहिलं.

तेवढ्यात माझ्या डोक्यावरून काहीतरी गेलं. माळामागून ते येत होते, खाली, पंख पसरून, अजिबात आवाज न करता. सगळा गाव पाण्याकडे तोंड करून बसलेला, एकालाही पत्ता नाही. ड्रायव्हर चावी फिरवायला लागला तशी मी त्याचा हात धरला, नको, आत्ता नको. गाडी चुकली ती चुकलीच. पक्ष्यांच्या सावल्या उतारावरून घसरत गेल्या, मांडवाच्या कापडावरून, पुढाऱ्यांच्या फेट्यावरून, दत्तूच्या पाठीवरून, आणि सरांच्या पांढऱ्या शर्टावर आल्या. सरांनी वर पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरले.